सायाळीचं बीळ आणि सखोबा

फार पूर्वी, गावातली मेलेली माणसं माळावर पुरत, तेव्हाची ही गोष्ट. ताज्या थडग्याची माती भुसभुशीत, म्हणून एका सायाळीने म्हाताऱ्या सखोबाच्या थडग्यातच बीळ खणलं.

सकाळी गुराख्यांनी ते भोक पाहिलं. "सखोबा उठून गेला!" एकच ओरडा झाला. तो परत येऊन पुन्हा उठू नये म्हणून गावाने थडग्यावर दगड रचले, वर बाभळीचे काटे टाकले.

सायाळ झुडपाआडून ऐकत होती. तिच्या पंजांना अजून तीच माती होती.

"अगं, भोक तर तू खणलंस ना?" सशाने विचारलं.

"खणलं मीच," सायाळ म्हणाली. "पण एवढं गाव काय उगाच घाबरेल? सखोबा निसटला असणार, माझ्याच भोकातून!"

त्या दिवसापासून ती नव्या बिळाच्या तोंडाशी बाभळीचे काटे लावून निजू लागली.