आजारपणाची कोठी

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका गावात आजारपणाची कोठी होती. दर सुगीला प्रत्येक घराने तिच्यात पायलीभर धान्य घालायचे. घरात कुणी आजारी पडले की वैद्याची दक्षिणा आणि त्या घराचे जेवण कोठीतून जायचे. कोठी बांधणारे काही भागीदार होते. चांगल्या वर्षी उरलेल्या धान्यात त्यांचा वाटा असे.

उमाई रंगारीण त्यातली एक. वडिलांच्या मागे त्यांचा वाटा तिच्याकडे आला होता.

एका वर्षी तापाची साथ आली आणि कोठीने तळ गाठला. साथ सरली तरी ती भरेना. तेव्हा खालच्या पेठेतले कुशाबा शेट आले. म्हणाले, "मी कोठी भरून देतो. पण निम्मी मालकी माझी."

भागीदारांत गोंधळ उडाला. म्हातारे सटवाजी कडाडले, "म्हणजे आपला वाटा निम्म्यावर! त्यापेक्षा कोठी बंद पडलेली बरी!"

उमाईलाही वाईट वाटले. वडिलांनी त्या भिंतींसाठी दगड वाहिले होते. पण तिला वेगळाच प्रश्न पडला होता. "साथ तर कधीच सरली. मग कोठी अजून आटते कशी?"

कुणालाच सांगता येईना. म्हणून ती कोठीच्या दाराशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने एक माणूस डोक्यावर पायली घेऊन आला. मागे डोलीत त्याची बायको कण्हत होती. त्याने पायली ओतली आणि लगेच औषध व पोतेभर धान्य मागितले.

"दादा, सुगीला का नाही भरलंत?" उमाईने विचारले.

"ठणठणीत असताना कशाला भरायचं, ताई? पडलो आजारी की भरतो."

मग उमाई घरोघर गेली. इमानाने भरणारेही आता हात आखडत होते. एक आजी म्हणाली, "आम्ही वर्षानुवर्षं भरायचं, आणि आयत्या वेळी येणाऱ्यांनी न्यायचं? आम्हीच काय वेडे?"

उमाईला उलगडा झाला. ती शेटांकडे गेली. "शेट, कोठी तुमची झाली तर पुन्हा आटू नये म्हणून काय कराल?"

"सोपं आहे. म्हातारे आणि सदा आजारी, त्यांना वगळायचं."

"मग कोठी कुणासाठी ठेवायची?"



दुसऱ्या दिवशी बैठकीत उमाई म्हणाली, "शेटांचं धान्य घेऊ या. पण दोन अटींवर. सुगीला भरेल त्यालाच वर्षभर आधार. आणि भरणाऱ्याला वय झालं, दुखणं जडलं म्हणून कधी वगळायचं नाही."

"अगं, पण आपला निम्मा वाटा!" सटवाजी म्हणाले.

"काका, रिकाम्या कोठीचा अख्खा वाटा घेऊन काय शिजवायचं?"

शेटांनी बराच वेळ हिशेब मांडला. "नफा थोडा होईल," ते पुटपुटले.

"थोडा, पण टिकेल," उमाई म्हणाली. अखेर शेटांनी मान डोलावली.

नियम पाळणे सोपे नव्हते. पुढच्याच महिन्यात एक तरुण आई तापलेले मूल घेऊन आली. तिने सुगीला भरले नव्हते. कोठीचे दार उघडले नाही. उमाईने तिला आपल्या घरी नेले, स्वतःच्या पदरचे औषधपाणी केले. त्या रात्री तिला अन्न गोड लागले नाही.

पण पुढच्या सुगीला धडधाकट घरांतूनही पायल्या आल्या. काही वर्षांनी पुन्हा ताप पसरला, तेव्हा कोठीने गावाला अखेरपर्यंत पोसले. त्या वर्षी भागीदारांना एक दाणाही मिळाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र उमाईच्या दारात तिचा वाटा आला. वडिलांच्या वाट्याच्या निम्माच होता. तिने तो आनंदाने पाखडायला घेतला.

बोध: कोठी कोण भरणार हे विचारण्याआधी ती का रिती झाली हे विचारावे.