दहाव्याला दिलेला शब्द

सायकलला दळणाची पिशवी अडकवून तुळशीराम रस्त्याच्या कडेने घरी येत होता. आबासाहेबांच्या लेकाने गाडीने त्याला मागून उडवलं. तुळशीराम जागीच गेला. आबासाहेब म्हणजे तालुक्यातला वजनदार माणूस. "पोरगं जपून चालवतं, तुळशीरामच मध्ये आला," असं त्यांनी सांगितलं आणि गावाने माना डोलावल्या. भ्यालेलं गाव दुसरं काय करणार?

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावाने पोरीच्या लग्नाचा शब्द दिला, तरी शिवेना. तुळशीरामची काहीतरी इच्छा राहिली, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आबासाहेब लेकाला घेऊन ऐटीत पुढे आले.

"त्याची जी इच्छा असेल ती मी पुरी करतो. सगळ्यांसमोर शब्द देतो!"

तुळशीरामची बायको सगुणा हात जोडून म्हणाली, "ह्यांची इच्छा साधी आहे, आबासाहेब. इथून घरापर्यंत तुम्ही रस्त्याच्या कडेने सायकलवर जा. मागून तुमच्या लेकाला गाडी घेऊन येऊ द्या. रोज चालवतो तशीच."

आबासाहेबांना घाम फुटला. "छे, छे! त्याच्या पुढे? अगं, त्याचा काही नेम आहे का!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सगुणाने डोळ्यांना पदर लावला. "एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आता माझ्या माणसाला कुणी मध्ये आला म्हणू नका."

मग पिंडाकडे वळून ती हलकेच म्हणाली, "ऐकलंत ना? जा आता. घरचं मी बघते."