टायगरचं इंग्रजी

बार्शीच्या सरपोतदार सरांचं इंग्रजी म्हणजे उघडा राहिलेला नळ. त्यांच्या क्लासात तासभर सर बोलत आणि बाकीचे माना डोलवत. त्यांतच शालनताई मोहिते होत्या. त्यांची सून केरळची. तिला मराठी येईना, ताईंना मल्याळम; दोघींच्या मधे काय ते इंग्रजी. आताशा सून फोनवर बोलली की ताईंना सगळं कळायचं, पण स्वतःचं तोंड काही उघडायचं नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी एकेकाला इंग्रजीत बोलायला उभं केलं. सगळ्यांची ततपप झाली. सर कडाडले, "आमच्या टायगरला वर्षभरात इंग्रजी कळायला लागलं. कुत्रा आहे तो! तो शिकला आणि तुम्ही का नाही, याचं कारण सांगा. नाहीतर सगळे पुन्हा पहिल्यापासून बसा!"

पुन्हा पहिल्यापासून? सून तर दिवाळीला यायची होती. शालनताई उठल्या.

"सर, टायगरला सगळं इंग्रजी कळतं?"

"शब्द न् शब्द!"

"तसं आम्हालाही कळतं. पण तो बोलतो का?"

"अहो बाई, कुत्रा कसा बोलेल?"

"असं होय!" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही त्यालाही मधे बोलू देत नसाल."

अख्खा क्लास खो खो हसला. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पास," ते म्हणाले.

त्यांचं आजवरचं सगळ्यात आखूड इंग्रजी भाषण होतं ते.