नळातून जे येईल ते पाणी

एका जंगलात सगळे प्राणी सुखात राहत होते. हे मी म्हणत नाही, तिथलं सरकार म्हणायचं आणि झाडाझाडावर तसं लिहून लावायचं.

तिथल्या वाघमहाराजांना एकदा नदीकाठ फार आवडला. त्यांना आवडला म्हणजे तो त्यांचाच झाला. मग काठावरच्या प्राण्यांना सात मजल्यांची एक इमारत बांधून देण्यात आली. तळमजल्यावर आबासाहेब गवा, कारण त्यांची महाराजांच्या बैठकीत ऊठबस. मधल्या मजल्यांवर ससे, साळिंदरं, माकडं. अगदी वरती शेवंता खार आणि तिची पिल्लं. तुला चढायची सवय आहेच, असं तिला सांगितलं, आणि लिफ्टचा विषय कुणी परत काढला नाही.

पाण्याचं बिल बियांमध्ये भरायचं आणि सगळ्यांना सारखंच यायचं. आता आबासाहेबांनी अंगणात डुंबायला हौद बांधलेला. सकाळी ते त्यात बसत, दुपारी बसत, पाहुणे आले की पाहुण्यांनाही बसवत. शेवंताचं अख्खं घर वाटीभर पाण्यात भागायचं. वाटीवालीनं हौदवाल्याएवढं बिल का भरावं? वार्षिक सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, घरोघरी मीटर बसवा, ज्याचा जेवढा वापर त्याला तेवढं बिल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आबासाहेबांनी वाजवल्या, आणि बाई इतकी भोळी की तिला त्याचा आनंदच झाला.

पाणीमंत्री कोल्हा लगेच कामाला लागला. मीटरचं कंत्राट त्याच्या मेहुण्याला मिळालं, तेही रीतसर निविदा काढून. निविदेची बातमी एकट्या मेहुण्यापर्यंतच पोहोचली, त्याला कोल्हा बिचारा काय करणार? उद्घाटनाला मांडव घातला होता.

"माझ्या जंगलातल्या बंधूंनो आणि भगिनींनो," कोल्हा म्हणाला, "आजवरच्या राजांनी तुम्हाला नुसतं पाणी दिलं. आपल्या महाराजांनी तुम्हाला पाण्याचा हिशेब दिला."

हौदाला तेवढा मीटर बसला नाही. मीटर घराला बसवायचे होते आणि हौद म्हणजे काही घर नव्हे, असा खुलासा झाला.

पाणी खालून वर चढायचं. वाटेत पहिला लागायचा तो हौद. हौद भरून उरलेलं पाणी वर जायचं, तिथं ससे-साळिंदरं बादल्या घेऊन टपलेली. शेवंता नळ उघडून बसायची तेव्हा पाइपात शिल्लक असायची नुसती हवा. फुस्स करून ती बाहेर यायची आणि तिच्या जोरानं मीटर गरागरा फिरायचा. पाण्यानं काय फिरेल असा फिरायचा. पिल्लं जिभा बाहेर काढून नळाखाली बसलेली आणि वर काटा पळतोय.

महिनाअखेरीस बिलं आली. आबासाहेबांना जवळजवळ काहीच बिल नाही, कारण ते घरातल्या नळाला कधी हात लावत नसत. शेवंताचं बिल इमारतीत सगळ्यात मोठं. हिवाळ्यासाठी जमवलेल्या सगळ्या बिया दिल्या तरच ते फिटणार होतं, आणि नाही भरलं तर घराला सील.

ती कोल्ह्याकडे गेली. म्हणाली, साहेब, पाणी येतच नाही, हवा येते. कोल्ह्यानं ताबडतोब पाहणी समिती नेमली. वरपर्यंत चढून समितीला धाप लागली, म्हणून आधी नारळपाणी झालं. मग नळ उघडला. फुस्स झालं. मीटर फिरला. सगळ्या सदस्यांनी तो वाकून वाकून पाहिला.

"मीटर उत्तम चालतोय," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"मीटर चालतोय हो," शेवंता म्हणाली, "पण माझी पोरं तहानलेली आहेत."

"बाई, ते आरोग्य खात्याकडे."

समितीचा अहवाल गेला आणि त्यावर वटहुकूम निघाला: नळातून जे येईल त्यास पाणी समजण्यात यावे. जंगलाचा पाणीप्रश्न असा एका ओळीत सुटला. लगोलग आकडे जाहीर झाले. महाराजांच्या राज्यात माणशी म्हणा, प्राण्यामागे म्हणा, पूर्वी कधी नव्हतं इतकं पाणी मिळतंय, आणि सगळ्यात जास्त मिळतंय सातव्या मजल्याला. झालं. ही बया एवढ्या पाण्याचं करते तरी काय, असं माकडं बोलू लागली. जिच्याशी रोजचं बोलणं-बसणं, त्या सशिणीनंही तिला बघून दार लावून घेतलं. पाणी बचत सप्ताहात पहिलं पोस्टर शेवंताच्या दारावर चिकटवलं. जलमित्र पुरस्कार आबासाहेबांना मिळाला. ते हौदातनं तसेच ओलेते आले, आणि सगळ्यांनी त्यांच्या साधेपणाचं कौतुक केलं.

शेवटी शेवंतानं नळात पाल्याचा बोळा कोंबला. मीटर थांबला. दुसऱ्या दिवशी नोटीस आली की सरकारी पाणी अडवलं म्हणून दंड भरा. ती तक्रार घेऊन खिडकीवर गेली तर आतलं तरस म्हणालं, थकबाकीदाराची तक्रार आम्ही घेत नाही, आधी बिल भरा. आणि बिल भरलं म्हणजे ते मान्य आहे असं धरतात, त्यावर परत तक्रार चालत नाही. अशा कारभारापुढं खारीनं काय करावं, तुम्हीच सांगा.

डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून तिनं सगळ्या बिया भरल्या. पोरांच्या तोंडचा घास होता तो. तरसानं पावती दिली आणि तिचा एक फोटो काढून घेतला. कशाला, असं तिनं विचारलं तर म्हणालं, नोंदीला.

मग निवडणुका लागल्या आणि इमारतीसमोर भला मोठा फलक उभा राहिला. त्यावर एका बाजूला महाराज, मागं धबधबा आणि पुढं शेवंता. फोटो काढताना ती रडत होती, फलकावर मात्र हसत होती. खाली लिहिलं होतं, 'पाणी आलं घरी, महाराजांची कृपा सारी.'

उन्हाळा होता. रस्त्यावर ही धूळ. महाराजांच्या तोंडावर धूळ बसलेली बरी दिसेना, म्हणून फलक धुवायला रोज सकाळी टँकर यायला लागला. शेवंता पिल्लांना घेऊन आधीच खाली येऊन थांबते. पाणी महाराजांच्या मिशांवरनं, धबधब्यावरनं, तिच्या हसऱ्या गालांवरनं ओघळतं आणि खालच्या लोखंडी पट्टीवरनं ठिबकतं, ते पिल्लं पितात. गुणी आहेत बिचारी, ढकलाढकली करत नाहीत.

प्रचाराला जाताना कोल्ह्यानं हे गाडीतनं पाहिलं. त्यानं गाडी थांबवली, पिल्लांकडे बराच वेळ बघितलं आणि छायाचित्रकाराला बोलावून घेतलं. सरकारच्या यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र आहे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापलंय: योजनेचं पाणी शेवटच्या घटकापर्यंत पोहोचलं.