डब्यात उरलेलं तेल

रस्त्यांनाही सुखदुःखं बोलता यायची, तेव्हाची गोष्ट.

गॅरेजमागे पत्र्याच्या डब्यात ट्रकच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल होतं. शेजारीच ओढा वाहायचा. आपल्याला तिकडेच ओतून देणार, या धास्तीनं तेलाचा जीव टांगणीला लागला होता.

एक दिवस डब्याच्या खालच्या अंगालाच रस्त्याचं काम निघालं. उखडून काढलेलं जुनं डांबर कढईत तापत होतं, पण उन्हापावसानं ते इतकं कडक झालेलं की खडीला धरेना. तेव्हा लांब दांड्याची पळी डब्यापाशी आली. तिनं दोनदा तेल नेऊन कढईत घातलं.

"बस झालं गं," डांबरआजोबा सुखावून म्हणाले. "सांधे मोकळे झाले बघ."

"आणि उरलेल्या माझं काय?" तेल कासावीस झालं.

"उद्या दुसरी कढई लागेल. तुला न्यायला मी येतेच," पळी म्हणाली.

पण उद्यापर्यंत कुणी ओढ्यात ओतलं तर? पळीची पाठ वळली मात्र, तेलानं डबा कलंडवला आणि सगळंच्या सगळं कढईत शिरलं.

रस्ता झाला काळाभोर, देखणा. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तसे डांबरआजोबा लोण्यासारखे मऊ पडले. पहिल्याच ट्रकची चाकं त्यांच्यात रुतली. तेल वर तरंगून आलं आणि दुपारच्या सरीबरोबर ओघळत ओढ्याकडे निघालं.

जाताना त्याला डब्यापाशी पळी दिसली. ती ठरल्याप्रमाणे त्याला न्यायला आली होती.