सुईने कोरलेली भेग

एका घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात तुळाजी नावाचा चावीवाला राहत होता. चावीवाला म्हणजे रुळांवरून रोज पायी जाणारा माणूस. खांद्यावर हातोडा, बगलेत लाल आणि हिरवी झेंडी, नजर खाली. कुठे खिळा ढिला झाला, कुठे रुळाला तडा गेला, ते त्याने पाहायचं आणि वेळेवर सांगायचं. घरातून निघाल्यावर चूल विझवली का हे बघायला तीनदा मागे फिरणारी माणसं असतात ना, तुळाजी त्यांतला होता. अशा माणसांना लोक हसतात, आणि गाड्या त्यांच्याच जिवावर धावतात.

एकदा नखाएवढा तडा पाहून त्याने अख्खी मेल थांबवली होती. प्रवाशांनी खिडक्यांतून त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तुळाजीला त्याचं काही वाटलं नाही. "शिव्या द्यायला माणसं जिवंत लागतात," तो म्हणाला.

तेहतीस वर्षं अशी गेली. तो निवृत्त झाला तेव्हा नाशिकच्या लेकीने त्याला एक खेळण्यातली आगगाडी पाठवली. विजेवर चालणारी, इंजिन आणि चार डबे, आणि गोल जोडायचे रूळ. तुळाजीने ती जमिनीवर मांडली आणि कळ दाबली. गाडी गरगर फिरू लागली. तो बराच वेळ बघत बसला. मग बायकोला म्हणाला, "सगुणा, ही बिचारी कुठूनच येत नाही आणि कुठेच जात नाही. हिला गाव पाहिजे."

आणि त्याने गाव करायला घेतलं.

ओसरीवर आठ फुटांची फळी आली. जाळी वाकवून डोंगराचा सांगाडा झाला. त्यावर खळीत भिजवलेल्या रद्दीचे थर, वर प्लास्टर. माती म्हणून वाळवलेला चहाचा चोथा. गवत म्हणून हिरव्या रंगात बुडवलेला भुसा. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून, रंगवून तारेच्या फांद्यांवर चिकटवली की झाड होई, आणि असं झाड होई की पाखराने येऊन बसावं. रुळांखालची खडीसुद्धा त्याने खऱ्या खडीतून फोडून, तीनदा चाळून घेतली.

सगुणा जाता येता टोमणे मारी. "नोकरीत होतात तेव्हा रुळांवर राहत होतात. आता रूळच घरात आणलेत. जेवायला फलाटावर वाढू का?"

पण तुळाजीचा एक नियम होता. मनाचं काही करायचं नाही. दिसेल तसं करायचं. एक बोट म्हणजे दोन पावलं, असं माप त्याने ठरवलं होतं. सिग्नलच्या खांबापासून तो पावलं मोजत निघे, वहीत लिहून आणी, आणि तेवढीच बोटं मोजून फळीवर घर बसवी. कोणती गोष्ट कधी पाहिली, तेही फळीच्या कडेला पेन्सिलीने लिही. जुनी सवय. पाहिलं की तारीख घालायची.

डोंगराच्या पायथ्याला तीन घरं होती. त्यांतलं मधलं अनसूवहिनीचं. तिचा नवरा धोंडू तुळाजीच्याच रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये होता. तो गेल्यावर ती मुलाला, महादूला, आणि सुनेला धरून तिथेच राहिली होती. सून पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेली होती. अनसूवहिनीने पाळणा आधीच टांगून ठेवला होता, आणि 'रिकामा पाळणा हलवू नये' म्हणून त्यात शेर-दोन शेर गहू घालून तो हलवून बघत होती.

एक दिवस ती देखावा बघायला आली. आपलं घर पाहून तोंडावर हात ठेवून हसली. "अगो बाई! भावजी, फुटकं कौल पण केलंत की! तेवढं तरी शाकारून द्यायचं."

"दिसतं तसं करतो, वहिनी."

"मग नुसतं घर कशाला? मला पण करा. आणि माझी शेळी. शेळी जरा बरी करा, मी कशी पण चालेन."

तुळाजीने काडीला मेण लावून बोटाच्या पेराएवढी अनसूवहिनी केली. लाल ठिपक्याचं लुगडं नेसवलं. शेजारी शेळी. शेळी खरंच बरी झाली.

देखाव्याची कीर्ती पसरली. तालुक्याच्या हौशी मंडळाचे दोन परीक्षक येऊन गेले. ते म्हणाले, "पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनात हा मांडा. त्याआधी आठ दिवस आम्ही पुन्हा येऊ. गाव आणि देखावा समोरासमोर ठेवून तपासू. जेवढं हुबेहूब, तेवढे गुण." जाताना एकाने त्याचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. तेहतीस वर्षांत हजारो माणसं तुळाजीच्या भरवशावर त्या रुळांवरून गेली होती. नाव कुणी विचारलं नव्हतं.

आता फक्त डोंगराचा माथा राहिला होता. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी तुळाजी वही घेऊन वर चढला. तिथे, तीन घरांच्या बरोबर वर, जमिनीला एक भेग पडलेली होती. बोटभर रुंद, पंचवीस पावलं लांब. तिच्या कडेचा फणस जरासा पुढे झुकला होता. खालच्या झऱ्याचं पाणी गढूळ येत होतं.

इथे खरं तर त्याने तसंच खाली धावत जाऊन तिन्ही घरांना हाक मारायला हवी होती. पण त्याला आनंद झाला. अशी बारीक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या नजरेला आली असती का? तो धावत घरी आला. सुईने प्लास्टरवर भेग कोरली, केसाएवढी. घोसाळ्याचा फणस तेवढाच झुकवला. झऱ्याला चहाच्या पाण्याचा हात दिला. लांबून पाहिलं आणि मान डोलावली. डोंगर जिवंत वाटत होता.

वटपौर्णिमेला तो पुन्हा गेला. भेग चार बोटं झाली होती. त्याने सुई ठेवली आणि दाभण घेतला. आषाढाच्या तिसऱ्या सोमवारी भेगेत त्याची अख्खी वीत मावली. फणसाची मुळं उघडी पडली होती. त्याने दाभण ठेवला आणि आगकाडीच्या टोकाने भेग रुंद केली. फळीच्या कडेला तिन्ही तारखा लिहिल्या.

सांगायला हवं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तेहतीस वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? पण सांगितलं की बोभाटा होणार. तलाठी येणार, यंत्रं येणार, डोंगर खरवडणार. तिन्ही घरं ओस पडणार, दारांना कुलपं लागणार. मग परीक्षक आले की त्यांना गाव एक दिसणार आणि देखावा एक. आणि डोंगर इतकी वर्षं उभा आहे, तो काय महिनाभर थांबणार नाही? एवढं प्रदर्शन होऊ दे, तुळाजीने ठरवलं. मग सांगू.

असं आपल्यातलं कोण ठरवत नाही? हातातलं एवढं आवरू दे, मग बघू.

त्याच आठवड्यात अनसूवहिनी भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन आली. सगुणाकडे चिंच मागायला आली होती. दिव्यांची अवस जवळ आली होती, घरातले सगळे दिवे घासून काढायचे होते. सुनेचे दिवस भरले होते. "नातवंडाला पहिल्यांदा ओवाळीन, तर दिवे कसे लख्ख पाहिजेत," ती म्हणाली. चिंच पदरात बांधून ती देखाव्यापाशी वाकली. तिच्या गुडघ्यांनी डोंगर चढणं केव्हाच सोडलं होतं, पण नजर शाबूत होती.

"भावजी, हे काय? माझ्या घराच्या वर सुरी लागली का?"

तुळाजी फळीवरचा भुसा बोटाने सारखा करत राहिला.

"का खरंच फाटलाय डोंगर? आमच्या झऱ्याला महिनाभर लाल पाणी येतंय, म्हणून विचारलं. तसं असलं तर सांगा हं. महादू म्हणतोच आहे, थोडे दिवस मामाकडे जाऊन राहू. मीच हटून बसलेय."

सगुणाच्या हातातली कढई तशीच राहिली. ओसरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. एक शब्द पुरला असता. 'जा' एवढाच.

"छे हो वहिनी," तुळाजी म्हणाला. "ती आपली कलाकारी. शोभेला काढलीय."

"मग बरं," अनसूवहिनी म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणजे झालं. आमचे हे म्हणायचे, तुळाजीने हिरवी झेंडी दाखवली की डोळे मिटून जावं."

आणि इरलं डोक्यावर घेऊन ती गेली.

सगुणाने हळूच विचारलं, "खरंच शोभेची आहे का हो?"

"प्रदर्शन होऊ दे. मग सांगतो पंचायतीत."

सगुणाने मान डोलावली आणि कढई आत नेली. देखावा बघायला येणाऱ्यांना चहा करताना तिलाही अलीकडे बरं वाटू लागलं होतं.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला डोंगर खाली आला. आवाज आधी आला. मोठी गाडी पुलावरून जावी तसा. तुळाजीने सवयीने घड्याळ पाहिलं. त्या वेळेला कोणतीच गाडी नव्हती.

तो बाहेर धावला तेव्हा पायथ्याला घरं नव्हती. लाल चिखलाचा एक उतार होता, आणि त्यात उलटा झालेला फणस. पहिल्या घरातली माणसं लावणीला शेतावर होती. तिसऱ्या घराला कुलूप होतं. महादू बायकोला भेटायला सासरी गेला होता. अनसूवहिनी घरी होती. सिग्नलचा खांब जागेवर होता. रुळांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

बचावाची तुकडी दुपारी पोचली. पण खणायचं कुठे? वाट नाही, विहीर नाही, कुंपण नाही. एक म्हणे इकडे, दुसरा म्हणे तिकडे. तेवढ्यात गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, "अहो, तुळाजीच्या ओसरीवर अख्खं गाव आहे की! पावलं मोजून केलंय!"

तुकडीचे साहेब चिखलाच्या बुटांनी ओसरीवर आले. तुळाजीने आपल्या बोटांच्या खुणा केलेली पट्टी पुढे केली, आणि साहेबांनी मोजलं. सिग्नलच्या खांबापासून सव्वीस बोटं. म्हणजे बावन्न पावलं, पूर्वेला. माणसं धावली. बावन्नाव्या पावलावर खणलं, तर पहिल्या तासात फुटकं कौल लागलं. माप एका पावलानेही चुकलं नव्हतं.

अनसूवहिनी मागच्या दाराशी सापडली. हातांना चिंच लागलेली होती. शेजारी पितळेचे पाच दिवे. चार घासून झाले होते.

संध्याकाळी साहेब सही घ्यायला परत आले. देखाव्यापाशी क्षणभर थांबले. "फार मोलाचं काम केलंत, आजोबा. इतकं बारीक कुणी—" आणि त्यांची नजर माथ्यावरच्या भेगेवर गेली. मग फळीच्या कडेवर. त्यांनी वाकून तिन्ही तारखा वाचल्या. एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"ही तुम्ही पाहिली होती?"

"हो."

साहेब सरळ उभे राहिले. कागद दुमडून खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले. तेहतीस वर्षांत तुळाजीने पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. तो ओसरीवर उभा राहून एका शिवीची वाट बघत होता. ती आली नाही.

देखावा प्रदर्शनाला गेला नाही. तुळाजी तो मोडायला निघाला, तर सगुणा आडवी आली. तिने त्यावर चादरही घालू दिली नाही. "मी पण ऐकलं होतं," ती म्हणाली. "दोघांनी बघायचं. रोज."

बाराव्या दिवसानंतर महादू आला. त्याला मुलगी झाली होती. त्याने ओसरीवर पाऊल ठेवलं नाही. अंगणातूनच फळीकडे पाहत म्हणाला, "आईचं घर तेवढं हलवू नका, काका. आता तेवढंच उरलंय." मग जरा थांबून म्हणाला, "आई गेली त्या सकाळी मी म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, भावजींनी सांगितलंय, काही नाही म्हणून."

तो गेल्यावर तुळाजीने त्या घरावरची धूळ हलक्या हाताने पुसली. 

अजूनही गावातली मुलं देखावा बघायला येतात. गाडी फिरते, बोगद्यात शिरते, बाहेर येते. काडीची अनसूवहिनी दारात उभी असते, शेळी शेजारी. परवा एक चिमुरडी टाचा उंच करून डोंगराच्या माथ्याकडे बघत होती.

"आजोबा, ही भेग कशी केलीत?"

"सुईने."

"इथे भेग आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"पाहिली होती."

"मग?" मुलीने विचारलं.

तुळाजीने गाडीची कळ दाबली. गाडी पुन्हा एकदा त्या तीन घरांखालून गेली.

तात्पर्य: संकट नुसतं नीट पाहून भागत नाही; ते ज्याच्या डोक्यावर आहे त्याला त्याच दिवशी सांगावं लागतं. 'मग सांगू' म्हणणाऱ्याचं ऐकायला मग कुणी उरेलच, असं नाही.