हार घातलेला ट्रॅक्टर

यंत्रं आपसात बोलायची, त्या काळची गोष्ट. आबासाहेबांचा गंजलेला जुना ट्रॅक्टर हिंदुराव मिस्त्रींनी जीव ओतून दुरुस्त केला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ट्रॅक्टर हरखला, आता शेतात जायचं!

पण आबासाहेबांनी त्याला बंगल्यातल्या काचेच्या खोलीत उभं केलं. "मिस्त्री, याला आता चिखल लागू द्यायचा नाही. वडिलांची आठवण आहे."

रोज ते त्याला ताजा हार घालून हात जोडायचे. ट्रॅक्टर गोंधळला. पूर्वी दसऱ्याला हार मिळायचा, पण लगेच नांगरही जोडायचे. मग हा रोजचा हार कशाचा?

समोरच्या भिंतीवर थोरल्या मालकांचा फोटो होता. त्यालाही तसाच हार होता.

ट्रॅक्टरनं घाबरत विचारलं, "मालक, तुम्हालाही दुरुस्त केलं का?"